मागचं डावं दार

मामांच्या शेडमध्ये रंगीत कपडे घालून जायची सोय नव्हती. भडक शर्टाचा माणूस दारात दिसला की ते गाडीवरची नजर न काढता म्हणत, "तुमी भाईर थांबा. तुमचा शर्ट माझ्या दारावर पडतोय." नव्या गिऱ्हाइकाला वाटे, हा माणूस चक्रम आहे. मग तो वाकून बघे, तर खरोखरच गाडीच्या पत्र्यावर त्याच्या लाल शर्टाची पुसट झाक पडलेली असे. स्वतः मामा बारा महिने राखाडी शर्ट घालत. लग्नातही आणि मयतीतही तोच.

एकदा जयंतीच्या सकाळी मी नवी निळी ओढणी घेऊन त्यांना बोलवायला गेले. त्यांच्या घरावर निळा झेंडा होता, वस्तीतल्या सगळ्यांच्या आधी त्यांनीच लावलेला. पण शेडमध्ये पाय टाकला तशी आतून हाक आली, "वकिलीणबाई, ओढणी भाईर ठिवून या."

"मामा, आज तरी!"

"आज तरी म्हंजी? आज काय रंगाला सुट्टी हाय?"

मला राग आला होता. वकिलीणबाई हे नाव त्यांनीच मला ठेवलेलं, कारण मी सारखी कुणाची ना कुणाची बाजू मांडत असे. माझे वडील छापखान्यात कामाला होते. घरात कोऱ्या वह्या नसत, पण छपाईत बिघडलेली पत्रकं गठ्ठ्यानं असत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी पाढे गिरवले आणि छापील बाजूवरून वाचायला शिकले. त्यामुळे लहानपणापासून माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असायचं. मामांच्या वाक्यांच्या शेवटी बहुतेकदा काहीच नसायचं. ते वाक्य अर्ध्यावर सोडून डबा हलवायला लागत.

त्यांची शेड बीडहून वडवणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या वस्तीच्या तोंडाशी होती. ठोकलेल्या, घासलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करून त्याला मूळचा रंग द्यायचा, हे त्यांचं काम. साधा पांढरा किंवा काळा रंग कुणीही देतो, असं ते म्हणत. त्यांचा जीव अडकला होता मेटॅलिक रंगात. या रंगात धातूची पिठासारखी बारीक पूड असते. ती पूड पत्र्यावर कशी निजते, त्यावर रंग ठरतो. समोरून उजळ वाटणारं दार बाजूनं बघितलं तर काळवंडतं. डबा हलवायचं थांबलं की पूड बुडाशी बसते आणि वर नुसतं रंगाचं पाणी उरतं. म्हणून मामा बोलताना, जेवताना, भांडतानासुद्धा एका हातानं डबा हलवत असत.

कंपनीनं रंगाला दिलेल्या नंबरावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "नंबर कंपनीचा हाय. रंग उन्हाचा हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाडी आली की पहिला प्रश्न, गाडी कुठं उभी असते? एका गृहस्थांना तर त्यांनी प्रश्नही विचारला नव्हता.

"परळीची न्हवं गाडी?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"थर्मलची राख खाल्लीय तिनं. नवा डबा तसाच मारला तर एकटं दार नवरदेवावानी दिसंल."

मग ते रंग मिसळत आणि पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर तो मारत. पुठ्ठा वाळला की गाडीच्या जुन्या पत्र्याला टेकवून बघत. सकाळी एकदा, भर दुपारी एकदा आणि ऊन कलल्यावर एकदा. मालकालाही थांबायला लावत. "बसा खाली. उभं ऱ्हाऊन सगळेच बघतेत." मालक उकिडवा बसे, मामा त्याच्या शेजारी बसत, आणि दोघं तिरप्या नजरेनं त्या पुठ्ठ्याकडे बघत राहत. पुठ्ठ्याची कडा दिसली तर रंग चुकला. कडा पत्र्यात हरवली तर जमला. जमलेले पुठ्ठे शेडमधल्या तारेवर टांगलेले असत. मागे पेन्सिलीनं नोंद असे: मास्तर, गाडी कडुलिंबाखाली. किंवा: डॉक्टरीणबाई, पत्र्याचा आडोसा, सकाळचं ऊन.

"कडा दिसती" हे त्यांचं जगातल्या सगळ्या दोषांना दिलेलं नाव होतं. विहारात कुणी फार जोरात भाषण केलं की ते माझ्या कानाशी पुटपुटत, "कडा दिसती." एखाद्या लग्नात नवरा-नवरी हसत नसले की, "कडा दिसती." आमच्या संघटनेसाठी लिहिलेलं माझं पहिलं पत्रक मी त्यांना मोठ्या अभिमानानं दाखवलं. त्यांनी ते हातभर लांब धरून वाचलं, तिरपं करून पुन्हा वाचलं.

"कसं आहे?"

"लई झ्याक हाय."

"पण?"

"कडा दिसती जरा."

एका शाळामास्तरांशी त्यांचं झालेलं भांडण मला अजून आठवतं. पोचा फक्त दारावर होता आणि मामांनी शेजारच्या पत्र्यावरही रंगाची धूळ नेली होती. मास्तर चिडले. "मिस्त्री, आजारी दार होतं, तुम्ही शेजाऱ्याला का औषध पाजलं?" मामा शांतपणे म्हणाले, "रंग दारावर संपवायचा नसतो, मास्तर. शेजाऱ्याच्या अंगावर न्हेऊन विरवायचा असतो. न्हाई तर कुठं थांबला ते दिसतं." मास्तरांनी उकिडवं बसून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. जाताना पोचा नक्की कुठं होता, हे त्यांनाच बोट ठेवून सांगता येईना.

लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला, तेव्हा मामांनी शेडवर पाटी लावली: पाणी नाही, काम बंद. पोचा भरल्यावर तो पत्रा पाणी सोडत सोडत घासकागदानं गुळगुळीत करावा लागतो. घासताना निघालेला चुरा पाण्यानं वाहून गेला नाही तर तोच पत्र्याला ओरखडे काढतो. रंग मारण्याआधी धूळ उडू नये म्हणून जमीनही भिजवावी लागते. एका दाराला चार-पाच घागरी सहज जातात. वस्तीत टँकर आठ-आठ दिवस फिरकत नव्हता. मामा म्हणत, "मान्साला प्यायला न्हाई, अन् मी दाराला पाजू?" ते पाटीखाली खाट टाकून बसून राहत. हात मात्र रिकामा डबा हलवल्यासारखा हलत असे.

त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या सहकारी दूध संघानं जनावरांची छावणी उघडली. उद्घाटनाला चेअरमन गाडीतून आले. गाडीचा रंग वाळल्या गवतासारखा फिकट सोनेरी, मेटॅलिक. भाषण चालू असताना एका उपाशी बैलानं मागच्या डाव्या दारात शिंग घातलं. त्याला ते गवत वाटलं असावं, असं आमच्या वस्तीत सगळे म्हणत. शनिवारी संघाची वार्षिक सभा आणि चेअरमनपदाची निवडणूक होती, आणि चेअरमनना गाडी त्याआधी हवी होती. मंगळवारी त्यांचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला. मागोमाग संघाचा पाण्याचा टँकर आला.

"पाटी काढा मिस्त्री," ड्रायव्हर म्हणाला. "साहेब म्हणले, पान्याची सबब नको. हौद भरून घ्या अन् शनवारी सकाळी गाडी द्या."

"कुठलं पानी हाय हे?"

"संघाचं. दूधच न्हाई तर कॅन कशाला धुवायचे?"

शेडच्या मागचा सिमेंटचा हौद काठोकाठ भरला. तोवर वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन कडेला जमल्या होत्या. शेवटी माझी आई म्हणाली, "दादा, चेअरमनच्या गाडीची आंघोळ हाय वाटतं आज."

मामा हौदाशी गेले. त्यांनी पाण्यात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग शर्टाला पुसला. म्हणाले, "घागरी आना. रांग धरा. भांडान न्हाई पायजे."

ड्रायव्हर घाबरला. "मिस्त्री, पानी गाडीसाठी हाय!"

"गाडीला एक बादली ठिवतो."

"अन् न्हाई झाली गाडी तर? माझी नोकरी जाईल."

"गाडी हुईल. मी हाय न्हवं."

हे बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. तेव्हा मला त्यातलं पाणी ऐकू आलं. त्यातला शब्द ऐकू आला नाही. मामांनी एका दुपारी दोन गोष्टी केल्या होत्या: वस्तीला पाणी दिलं आणि परक्या ड्रायव्हरला शब्द दिला. दुसऱ्या गोष्टीचं वजन त्यांच्या लेखी पहिलीएवढंच होतं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार ते त्या एका बादलीवर दार घासत राहिले. वरचं पाणी हलकेच दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, गाळ टाकायचा, पुन्हा तेच पाणी. तिसऱ्या दिवशी ते पाणी ताकासारखं झालं होतं. पुठ्ठ्यावरचा रंग जुळला होता, कडा दिसत नव्हती. शनिवारी भल्या पहाटे त्यांनी दारावर रंग मारला. ऊन वर आलं तसे ते उकिडवे बसले, आणि बसूनच राहिले. मी जवळ गेले. फिकट सोनेरी दारावर करडे पट्टे उमटले होते. गढूळ पाण्यातल्या चुऱ्यानं पत्र्याला बारीक ओरखडे पडले होते आणि धातूची पूड त्या ओरखड्यांत जाऊन निजली होती. समोरून बघितलं तर काही नव्हतं. बाजूनं बघितलं तर दारभर ढग.

शेजारची म्हातारी काठी टेकत आली, बघून म्हणाली, "तालुक्यात ढग आले बया. ते बी चेअरमनच्या दारावर!" सगळे हसले. मामा हसले नाहीत.

ड्रायव्हर आला तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. "दोन दिस द्या. समदं दार पुन्ना घासतो. चूक झालीय माझी."

"सभा आज हाय, मिस्त्री. साहेब पायरीवर उभे हायत." ड्रायव्हरनं हात सोडवून घेतला, पण हळूच. गाडी गेली. रस्त्यावरची धूळ बसेपर्यंत मामा तिथंच उभे होते.

हे सगळं मी पाहिलं होतं. म्हणून पुढचं जे लिहायचं आहे ते मला सोपं नाही.

सभेला वाटायचं संघटनेचं पत्रक माझ्याकडे होतं. शेवटचा रकाना मोकळा होता. मी तिथल्या तिथे मजकूर लिहिला. मथळा दिला, "चेअरमनच्या दारावर ढग!" खाली लिहिलं की, तहानलेल्या वस्तीसमोर गाडी धुवायला पाणी पाठवणाऱ्यांना एका कारागिरानं उत्तर दिलं आहे. पाणी त्यानं जनतेला वाटलं आणि दार मुद्दाम बिघडवलं! हा रंग नाही, हा निषेध आहे! "मुद्दाम" हा शब्द लिहिताना पेन अडखळलं नाही. वाक्याला तो शब्द हवा होता. त्याच्याशिवाय ते वाक्य उभं राहत नव्हतं.

वडिलांच्या छापखान्यात घाईनं छापून घेतलेलं पत्रक हातोहात गेलं. सभेला आलेले लोक मांडवाबाहेर येऊन दारापुढे उकिडवे बसून बघत होते. मला वाटलं, आपण जिंकलो. चेअरमनही बाहेर आले, दार बघितलं आणि माइकवर म्हणाले, "बघा मंडळी, तुमच्या चेअरमनला किती छळतेत. ऱ्हाऊ द्या हे दार असंच." टाळ्या पडल्या. ते पुन्हा निवडून आले.

दुसऱ्या आठवड्यात मामा आमच्या घरी आले. पत्रकाची चौकोनी घडी राखाडी शर्टाच्या खिशात होती.

"हे तू लिवलंस?"

"हो मामा."

"यात मुद्दाम लिवलंय. कुनी सांगितलं मुद्दाम?"

"मामा, यात तुमचं मोठेपणच सांगितलंय. लोक तुमचं नाव घेतात."

"नाव?" त्यांचा आवाज चढला नाही. "काल मास्तर आलते. मला इच्यारत होते, मिस्त्री, आमी कुनाला मत दिलं ते सांगून गाडी लावायची का? मुद्दाम बिघडवनाऱ्या मान्साकडं कोन दार देईल, पोरी?"

"पण पाणी तर तुम्ही..."

"पानी दिलं ते येगळं. दार बिघडलं ते येगळं. पानी मी समजून दिलं. दार माझ्या हातून बिघडलं. तू दोनी एका डब्यात हलवलंस."

आई आतून बाहेर आली होती. ती मला म्हणाली, "छाप की मग, चुकलं म्हणून." मी मनात म्हणत होते, पत्रकानं माफी मागितली तर टाळ्या पुन्हा चेअरमनलाच पडतील. चळवळीचं नुकसान होईल. संघटनेतल्या कुणी मला असं सांगितलं नव्हतं. तो माझा एकटीचा निर्णय होता. "पुढच्या वेळी बघते," एवढंच मी बोलले.

मेटॅलिकची कामं बंद झाली. मामा पाण्याचे टँकर रंगवू लागले. साधा निळा, त्यावर पांढऱ्या अक्षरांत "पिण्याचे पाणी". तिथं काही जुळवायचं नसतं. डबा हलवायची गरज नसते, तरी ते हलवत.

पाऊस पडून हौद भरला तेव्हा ते पुन्हा आले. हातात पुठ्ठा होता, फिकट सोनेरी रंग मारलेला. मागे पेन्सिलीनं पाच-सहा ओळी लिहिल्या होत्या. म्हणाले, "एवढंच छाप. पुढं काई जोडू नको."

मी तो पुठ्ठा एका जाड पुस्तकात ठेवला. पत्रकं निघत राहिली. चाऱ्यावर, रोजगारावर, विहिरींवर. सगळी खरी होती. फक्त त्यांत या ओळी नव्हत्या. मामा पुढे लेकीकडे परळीला गेले. वस्तीत आले तर माझ्याशी बोलत, ओढणीवरून चिडवत. पुठ्ठ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मागच्या वर्षी ते परळीतच वारले.

बातमी कळल्यावर मी पुस्तक उघडलं आणि पुठ्ठा पिशवीत घातला. काही दिवसांनी वडवणीच्या बाजारात ती गाडी दिसली. चेअरमननी विकली होती आणि त्यांच्याच ड्रायव्हरनं घेतली होती. तो आता वडवणी-बीड शिटा भरत होता. मागच्या डाव्या दारावर ढग तसेच होते. मी पुढच्या दाराशी उकिडवी बसले आणि पुठ्ठा टेकवला.

कडा दिसत होती. पुठ्ठा उजळ होता, दार फिकं. मनात आलं, म्हणजे मामांना हेही जमलं नव्हतं.

"काय बघता बाई?" ड्रायव्हर मागे येऊन उभा होता. पुठ्ठा बघून त्यानं ओळखला. "ह्यो मिस्त्रीचा हाय. पाऊस पडल्यावर आलते की ते. दोन दिस गाडीभवती फिरत होते ह्यो घेऊन. साहेबाला म्हणले, दार द्या, आता पानी हाय. साहेब म्हणले, मला ते दार तसंच पायजे."

"पण रंग जुळत नाही."

"तवा जुळला होता, बाई. मी सोता खाली बसून बघितलं. कडा दिसत न्हवती." त्यानं दारावरून हात फिरवला. "किती साल झाले? गाडी उन्हात हाय. तुमचा पुठ्ठा कुठं होता?"

पुठ्ठा अंधारात होता, माझ्या पुस्तकात. मामांनी तो त्या वर्षीच्या उन्हाचा केला होता. तो त्याच वर्षी लावायचा होता.

आता या ओळी छापते आहे. त्या त्यांच्याच शब्दांत जशा आहेत तशा खाली देते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुढं काही जोडत नाही.

"पत्रकात आलं ते खरं न्हाई. चेअरमन साहेबाच्या गाडीचं मागचं डावं दार मी मुद्दाम बिघडवलं न्हाई. एका बादलीत भागंल वाटलं, भागलं न्हाई. चूक माझी हाय. पानी मी समजून दिलं, ती चूक न्हाई. आता हौद भरलाय. दार घेऊन या, नीट करून देतो."